मूलबाळ नाही अजून

“सलोमीला माझ्याकडे ठेवा, बाई,” वत्सला म्हणाली. “तुम्ही दोघं बिनघोर जा सावरखिंडीला. शाळेत मी सोडीन, मीच घेऊन येईन. माझ्या घरात तिला काही कमी पडणार नाही.”

आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलो होतो. साल चौऱ्याहत्तर, मार्च संपत आलेला. आदल्याच दिवशी ह्यांना सभेचं पत्र आलं होतं. सभा म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या चर्चचा कारभार पाहणारी मंडळी. तलाठ्याच्या, मास्तरांच्या होतात तशा पाळकांच्याही बदल्या होतात, पण पाळकानं तिला बदली म्हणायचं नसतं, पाचारण म्हणायचं असतं. आणि देवानं पाचारण केलं म्हटल्यावर कुरकुर करायची सोय उरत नाही. आमचं पाचारण होतं सावरखिंडीचं. नगरहून लांब, अकोले गावाच्या पलीकडे डोंगरात, मध्ये ओढा, पावसाळ्याचे चार महिने एसटी बंद.

वत्सला ही उमापांची बायको. बर्नबा उमाप आमच्या ह्यांच्या हाताखाली मदतनीस पाळक होते, दीक्षा होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. पोरगी बावीस वर्षांची, राहुरीकडची, हसताना तोंडावर पदर घ्यायची. सासू गावाकडे, आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे सकाळची कामं उरकली की ती माझ्याकडे यायची. मी तोंडाची फटकळ आहे, मिशनच्या कंपाउंडमधल्या बाया मला बिचकून असत. ही मात्र माझं बोलणं खाऊनसुद्धा दुसऱ्या दिवशी हजर.

आणि सलोमी ही माझी मुलगी. एकुलती एक, नऊ वर्षांची, जन्मापासून कानानं अधू. नगरला मूकबधिर मुलांची शाळा होती, दोन वर्षांपासून तिथं जात होती. शाळेतल्या बाई तिचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, मग तिच्या गळ्यावर, आणि एकेक आवाज तिच्याकडून काढून घ्यायच्या. दोन वर्षांत एक शब्द आला होता, ‘आई’. दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. बाई म्हणाल्या होत्या की आवाज आहे, आता चार वर्षं खंड पडू देऊ नका, मुलगी बोलेल. शाळेला वसतिगृह नव्हतं.

“तुला कशाला त्रास,” मी वत्सलाला म्हटलं.

“त्रास कसला? मलाही सवय होईल.”

“सवय कसली गं?”

तिनं सुपातला खडा काढून बाजूला ठेवला, दाराकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “दोन महिने झालेत.”

मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचं गेलं होतं. सासूनं आधीच चार घरी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नंतर चार घरच्या बाया येऊन हळहळून गेल्या, आणि ती हळहळच तिला जास्त लागली. यंदा चौथा उलटेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. “ह्यांना ठाऊक आणि तुम्हाला,” ती म्हणाली. मला सांगण्याला कारण होतं. लग्नाआधी मी सहा वर्षं मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते. मी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी पाहिली. रक्त कमी आहे, पालेभाजी खा, हंडे उचलू नकोस, असं सगळं सांगितलं.

पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. सलोमी संध्याकाळी हिच्या घरी बसेल, हिच्या हातचं खाईल, आणि तिचा दुसरा शब्द निघेल तो हिच्या स्वयंपाकघरात. मी तेव्हा डोंगरात चुलीपुढे फुंकर घालत असेन. मला रागच आला. पोरगी आपलं भलं करायला निघालीय हे कळत होतं, तरी राग आला.

संध्याकाळी हे बाजेवर बसून पायाला तेल लावत होते. मी पुढ्यात उभी राहिले.

“सभेला लिहा,” मी म्हटलं. “मुलीची शाळा आहे म्हणावं.”

“त्यांना ठाऊक नाही का?”

“ठाऊक असून पाठवतात, मग अक्कल कुठं गहाण ठेवली त्यांनी?”

हे हसले. माझ्या तोंडाची त्यांना सवय होती. मग म्हणाले, “मेबल, आजवर मी कुठं जायचं ते मागितलं नाही, आणि कुठं पाठवलं तर नाही म्हटलं नाही. देवाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, आपल्या डोक्यावर विसंबू नका, हे मी दर रविवारी लोकांना सांगतो. आणि स्वतःवर आलं की अर्ज करू?”

“लोकांच्या पोरी बोलतात. त्यांना सांगायला काय जातं?”

तेलाची वाटी ह्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, वत्सला सांभाळते म्हणतेय, गुणाची पोर आहे, सुट्टीत सलोमी आपल्याकडे येईल. डोळे ओले झाले होते त्यांचे. मुलीवर त्यांचा जीव नव्हता असं कुणी म्हणू नये. त्यांचा विश्वास दिखाऊ असता तर मी त्यांना सोलून काढलं असतं. तो खरा होता, तेच तर माझं दुखणं होतं. खऱ्या विश्वासाच्या माणसाशी भांडता येत नाही, आणि त्याच्याबरोबर संसार करायचा तर एकानं तरी डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं. ते मी ठेवायचं ठरवलं.

बुधवारी महिला संघाचं काम आहे असं सांगून मी निघाले आणि थेट सभेच्या चिटणिसांकडे गेले. रेव्हरंड रणनवरे. त्यांच्या दोन्ही नातवांच्या वेळची बाळंतपणं माझ्या हातची, त्यामुळे त्या घरात मला दार वाजवावं लागत नसे. सलाम झाला, चहा आला. मी विषय काढला तसे ते म्हणाले, “मला वाटलंच होतं तुम्ही याल.”

“मग नाव का घातलंत?”

“पाळकीणबाई, सावरखिंडीला दोन वर्षांत पाच बाया बाळंतपणात गेल्या. आपल्या मंडळीतल्या दोन, बाकीच्या गावातल्या. दवाखाना नाही. नर्स पाठवली तर महिनाभर टिकत नाही. तुम्ही नर्स आहात. खरं सांगू का, पाळकसाहेबांना नाही, आम्ही तुम्हालाच पाठवतोय. तीन दिवस उपास-प्रार्थना करून यादी केलीय. तुमचं नाव मला सुचलेलं नाही, मला दिलं गेलं.”

मी म्हटलं की साहेब, त्या पाच बायांचं मला वाईट वाटतं, पण माझ्या पोरीला ह्या चार वर्षांत वाचा आली तर आली, नाहीतर कधीच नाही. शाळेतल्या बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. सलोमी रात्री झोपेतसुद्धा स्वतःच्या गळ्यावर हात ठेवते ते सांगितलं. बोलता बोलता मी रडले. मी सहसा रडत नाही, आणि रणनवरेसाहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मग पाठवू कुणाला?” ते म्हणाले. “ती जागा रिकामी ठेवता येत नाही मला.”

“उमापांना पाठवा,” मी म्हटलं.

हे मी ठरवून आले होते का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की नाही, त्या क्षणी तोंडातून गेलं. पण येताना टांग्यात मी सगळ्या पाळकांची नावं मनात घेत होते. कुणाची आई अंथरुणाला, कुणाला दमा, कुणाच्या मुली लग्नाच्या. ज्याच्यासाठी भांडायला कुणी येणार नाही असं एकच नाव निघालं होतं.

“उमाप तरुण आहेत खरे,” ते म्हणाले. “डोंगर चढतील. घरी काही अडचण नाही ना? बायको लहान आहे त्यांची.”

“मूलबाळ नाही अजून,” मी म्हटलं.

तीनच शब्द. त्यात खोटं एकही नव्हतं. त्यांनी पेन्सिलनं यादीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, देवाची इच्छा असेल तर होईल. मी म्हटलं, असेलच. परत येताना सलोमीसाठी कलिंगडाची मोठी फोड घेतली आणि तिच्याबरोबर बसून बिया थुंकत खाल्ली.

ईस्टरनंतरच्या सभेत यादी वाचली. सावरखिंडीला रेव्हरंड बर्नबा उमाप, वाघचौरे, म्हणजे आम्ही, आहेत तिथंच. नवा पाळक काय बोलणार? उमाप उठले, मान झुकवून सलाम केला आणि खाली बसले. आमच्या ह्यांचा आधी विश्वासच बसेना. बाहेर आल्यावर म्हणाले, “मेबल, मी काही मागितलं नव्हतं गं. एक अक्षर लिहिलं नव्हतं.” आणि चिंचेखाली उभे राहून त्यांनी टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सला आली. डोळे सुजलेले. नेहमीसारखी खाली बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“बाई, रणनवरेसाहेब तुमचं ऐकतात. माझं सांगा ना त्यांना. ह्यांची जीभ उचलत नाही, आणि मला लाज वाटते.”

मला फार काही करायचं नव्हतं. पायात चपला घालून जायचं आणि एक वाक्य बोलायचं. मी ते बोलले असते, तर उमापांचं नाव यादीतून निघालं असतं, आणि त्या जागी पुन्हा आमचं आलं असतं. सलोमी मागे पाटीवर अक्षरं गिरवत होती.

मी वत्सलाचा हात हातात घेतला. म्हटलं, “हे बघ, आपल्या डोक्यानं चालायला गेलं की जीव असाच घाबरा होतो. आपल्याला पुढचं एक पाऊल दिसत नाही, त्याला सगळं दिसतं. तो पाठवतोय तर तो सांभाळील. आणि सातवा लागला की तू सरळ इकडं निघून ये. तुझं बाळंतपण मी करीन.”

“तुम्ही कराल ना?”

“मग कोण करणार?”

तिनं डोळे पुसले आणि बरं म्हणाली. ह्यांचा उपदेश पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघाला होता, आणि चांगला साधला होता.

त्या रविवारी ह्यांनी व्यासपीठावरून साक्ष दिली. आमच्यात देवानं काही केलं की ते मंडळीपुढे उभं राहून सांगतात. ह्यांनी सांगितलं की मी मनाशी झगडत होतो, मुलीचं काय होईल ते मला कळत नव्हतं, पण मी हात पुढे केला नाही, आणि ज्याला कळत होतं त्यानं आपण होऊन केलं. बायांच्या बाजूला पुढच्या बाकावर वत्सला माझ्याशेजारी होती. सलोमीला तिनं मांडीवर घेतलं होतं, आणि आमच्यासाठी आनंदानं रडत होती. मी समोर पाहत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते दोघं गेले. दोन ट्रंका, एक वळकटी, आणि मी बांधून दिलेले मेथीचे लाडू. पत्रं यायची. घर गळतं, पण माणसं प्रेमळ आहेत. एका पत्रात तिनं लिहिलं होतं, ‘इथल्या बायांना कुणीतरी सांगितलं होतं की नवी पाळकीणबाई नर्स आहे. रोज कुणी ना कुणी दाखवायला येतं. मी सांगते की ती नर्स वेगळी, ती आली नाही. मग बिचाऱ्या परत जातात.’

ऑगस्टमधल्या पत्रात होतं की पोळा झाला की निघेन, सध्या ओढ्याला पाणी फार आहे, हे म्हणतात जरा उतरू दे. मी उलट टपाली लिहिलं, थांबू नकोस, असशील तशी ये. हे पत्र मी लिहिलं होतं. ते तिला मिळालं नाही, टपालसुद्धा ओढ्याच्या अलीकडे अडकलं होतं. पण मी लिहिलं होतं हे मी अजून स्वतःला सांगते.

सप्टेंबर लागला आणि उमापांची चिठ्ठी घेऊन एक माणूस आला. सातव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या होत्या. मूल आडवं होतं. गावातली म्हातारी दाई दोन दिवस खटपट करत राहिली. ओढ्याचं पाणी उतरलं नाही तोवर पलीकडे जाता येईना. तिसऱ्या दिवशी घोंगडीची डोली करून सहा जणांनी तिला बारा मैल उचलून नेलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचली तोवर मुलगा पोटातच गेला होता. तिला वाचवायला पिशवी काढावी लागली.

आडवं मूल बाहेरून हातानं फिरवायला मला यायचं. दवाखान्यात अशी केस आली की डॉक्टरीणबाई मला हाक मारायच्या. दरवेळी साधतंच असं नाही. पण मला यायचं.

हे बाळाला पुरायला गेले होते. परत आले ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटावर बसले आणि म्हणाले, “मला कळत नाही मेबल. मला काहीच कळत नाही. पण त्याला कळत असेल.” मी भाकरी थापत होते. हात पिठात होते, आणि तोंड उघडायची तीच वेळ होती. मी भाकरी उलटली आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.

ह्यांना मी कधीच सांगितलं नाही. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. ती साक्ष त्यांनी आयुष्यात पन्नास वेळा तरी दिली असेल, अकोल्यापासून जालन्यापर्यंत. सलोमी पुण्याला असते. एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, आता निवृत्त झाली. तिची दोन्ही मुलं बडबडी आहेत. तिच्याशी फोनवर बोलता येत नाही, पण समोर बसली की ती पोटभर बोलते, आणि अनोळखी माणसालाही कळतं. माझा हिशोब चुकला नाही. लोक म्हणतात देवाच्या विरुद्ध आपली अक्कल चालवली की माणूस तोंडावर आपटतो. मी आपटले नाही, आणि हे मी कुणापुढे साक्ष म्हणून सांगू?

ऑक्टोबरच्या शेवटी उमाप वत्सलाला घेऊन आले. हे आणि उमाप चर्चमध्ये गेले, आम्ही दोघी ओट्यावर बसलो. ती वाळून गेली होती. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. कंपाउंडातल्या पेरूला यंदा फळ कसं लागलं, कुणाच्या मुलीचं जमलं. मग ती एकदम माझ्याकडे वळली.

“बाई, सगळे येतात, सगळे सांगतात, देवाची इच्छा. सासूबाई सांगतात. हे सांगतात. पाळकसाहेबांनी तर किती समजावलं. पण माझी समजूत पटत नाही. मला वाटतं, यात कुणाचं तरी चुकलंय. माझंच चुकलं असेल. तेव्हाच लाज सोडून रणनवरेसाहेबांना सांगितलं असतं तर. रोज पहाटे मला तेच येतं मनात. मी लाजले, म्हणून माझं बाळ गेलं.”

“असं नाही गं,” मी म्हटलं.

“थांबा. तुम्ही कुणाचं तोंडदेखलं बोलत नाही. गोड लागावं म्हणून बोलायची तुमची रीतच नाही. म्हणून तुम्हाला विचारायला आले, एवढ्यासाठीच आले. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन. ही देवाची इच्छा होती, का कुणाची चूक होती?”

तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं की खरं सांगितलं तर हिच्याजवळ आता देवाशिवाय काही नाही, तोही जाईल. हिच्या विश्वासासाठी गप्प बसावं. पुन्हा माझीच अक्कल. खरं बोलून पुढचं त्याच्यावर सोडावं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं होतं. पण वत्सलानं माझ्याकडे पाहायचं सोडलं असतं, ह्यांनी व्यासपीठावर चढायचं सोडलं असतं, आणि सलोमी मोठी झाल्यावर तिला कुणीतरी सांगितलं असतं की तुझी वाचा कशी आली. मी भ्याले. आज इतक्या वर्षांनी त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

“देवाची इच्छा होती,” मी म्हटलं. “तुझी चूक नव्हती.”

दुसरं वाक्य खरं होतं. तिनं मोठा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना दवाखान्याचा वास अजून येतो असं मला वाटलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेवढ्यात सलोमी आतून आली. कुणी घरी आलं की पाणी न्यायचं हे मी तिला लावून दिलं होतं. तांब्या-पेला घेऊन वत्सलापुढे उभी राहिली. एक हात गळ्याशी नेला, क्षणभर तोंड जुळवलं, आणि म्हणाली, “मावशी, पाणी.”

जरा नाकातून आलं, पण स्वच्छ. मीसुद्धा ते शब्द तिच्या तोंडून ऐकले नव्हते. नंतर शाळेत कळलं की मावशी येणार असं मी पाटीवर लिहून दाखवल्यापासून आठ दिवस ती बाईंच्या मागे लागून तेवढंच घटवत होती. मला कळू द्यायचं नाही असं तिनं बाईंना खुणेनं बजावलं होतं.

वत्सलानं पाणी खाली ठेवलं आणि तिला पोटाशी धरलं. त्या घटनेनंतर ती पहिल्यांदा हसली असेल. पदर तोंडावर घ्यायचंसुद्धा विसरली.

“बोलली, बाई. ऐकलंत? मला मावशी म्हणाली.” मग सलोमीचं तोंड दोन्ही हातांत धरून ती माझ्याकडे पाहत म्हणाली, “बघा, मला आता कळलं. तुम्हाला इथं का ठेवलं ते. मी सावरखिंडीला गेले म्हणून ही बोलली. माझ्या मनाला ते दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं.”

शब्द न् शब्द खरा होता.

“आभाराची प्रार्थना करा, बाई,” ती म्हणाली. “मला अजून जमत नाही. तोंड उघडलं की शब्दच येत नाहीत. तुम्ही करा, मी मागं आमेन म्हणते.”

तिनं डोळे मिटून हात जोडले. सलोमी प्रार्थनेत कधी डोळे मिटत नसे, मिटले तर तिला ओठ दिसत नसत. ती माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. ती काही सोडत नसे, एकेक शब्द ओठांवरून उचलायची.

मी प्रार्थना केली. देवाचे आभार मानले. सलोमीच्या वाचेसाठी मानले, वत्सलाच्या जिवासाठी मानले. बाळ त्यानं आपल्या पदरात घेतलं असं म्हटलं. आम्हा माणसांची बुद्धी तोकडी आहे, तुझ्या मनात काय आहे ते आम्हाला समजत नाही, तरी आम्ही तुझ्यावर भरवसा ठेवतो, असं म्हटलं. कुठं अडखळले नाही. ह्यांनीसुद्धा इतकी चांगली केली नसती.

आमेन झाल्यावर वत्सलानं डोळे उघडले. चेहरा शांत झाला होता.

“आता पटलं, बाई,” ती म्हणाली.